नऊ वाजताची मोजणी

बुधवारी सकाळी नऊ वाजता घरात चार खोल्या, बावीस खाटा, खाटेमागे तीन याप्रमाणे सहासष्ट ब्लँकेटं आणि गच्चीतल्या दोरीवर आदल्या दिवशीच्या नऊ चादरी होत्या. बावीसपैकी सतरा खाटा विस्कटलेल्या होत्या, पाच नीट. रजिस्टरमध्ये पाहुणे सतरा होते. रोसिनाने वहीत १७ लिहिलं, बाजूला ९.०० अशी वेळ घातली आणि ती दुपारच्या सुपाचे गहू निवडायला खाली गेली.

घर तेओदोसिया माग्विन्या यांचं. पेरूतल्या वारास गावात लहानथोर सगळे त्यांना तेओबाई म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी वरच्या मजल्यावर खाटा टाकल्या आणि डोंगर चढायला येणाऱ्यांसाठी हॉस्टेल सुरू केलं, त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

रोसिना तिथे पाहुणी नव्हती आणि घरचीही नव्हती. ती उरुग्वेतल्या पायसांदूची, सव्वीस वर्षांची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिने दोन वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली होती आणि चौदा महिन्यांपूर्वी पाठीवर सॅक टाकून एकटीच निघाली होती. जिथे थांबायचं तिथल्या हॉस्टेलमध्ये रोज पाच तास राबायचं, बदल्यात झोपायला खाट आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. मन भरलं की पुढचं गाव. साल्ता, पोतोसी, पुनो, कुस्को झालं होतं, आणि वारासमध्ये तिला सात आठवडे झाले होते. चादरी काढायच्या, धुवायच्या, गच्चीत वाळत घालायच्या, पहाटे डोंगरावर निघणाऱ्यांना खायला द्यायचं, नवे पाहुणे लिहून घ्यायचे. माते हा त्यांच्याकडचा कडू चहा पिण्याचा तिचा थर्मास काखेत असायचाच. तो काखेत धरून ती एका हाताने खाट आवरायची ते बघून तेओबाई म्हणायच्या, "ही पोर थर्मास घेऊनच जन्मली असणार. आईचे काय हाल झाले असतील!"

तिची खाट जिन्याखालच्या कोठीत होती. पण जूनमध्ये तेओबाईंच्या भावाच्या शेतातले बटाटे निघाले आणि दरवर्षीसारखी पोती कोठीत येऊन थेट खाटेवर रचली गेली.

"दोन महिने वर झोप गं पोरी," तेओबाई म्हणाल्या. "जी खाट रिकामी असेल ती तुझी."

त्यामुळे ती कधी चार नंबरवर झोपायची, कधी एकोणीसवर. रजिस्टरमध्ये तिचं नाव नव्हतं, तिथे पाहुण्यांचीच नावं लिहायची असतात. पहाटे उठल्याबरोबर ती आपली खाट ताणून नीट करायची, आणि मग रात्री तिथे कोणी झोपलं होतं याची खूणही राहायची नाही. याचं तिला बरं वाटायचं. चौदा महिने ती असंच राहत आली होती.

नऊच्या मोजणीचं खूळ तिचंच. कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे निघणारे निघून गेलेले असायचे, उशिरा उठणारे न्याहारीला बसलेले असायचे, आणि विस्कटलेली खाट म्हणजे रात्री घरी आलेलं माणूस, हा तिचा साधा हिशेब होता. डोंगरावर गेलेला कोणी परतला नाही तर नऊ वाजता कळलंच पाहिजे. तेओबाईंना त्याचं हसू यायचं. त्यांची पद्धत वेगळी. दारात बूट काढून मांडणीवर ठेवायचे आणि वर लोकरीने खाटेचा नंबर विणलेल्या घरच्या सपाता पायात घालायच्या, हा त्या घराचा नियम होता. येता-जाता त्या मांडणीकडे बघायच्या. मोजायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या.

"माझ्या घराची तू प्रयोगशाळा केलीस," त्या म्हणायच्या.

मोजणीची चौकशी करणारा घरात एकच माणूस होता. एवेलिओ तांगारिफे, कोलंबियातल्या मानिसालेसचे, त्रेसष्ट वर्षांचे, निवृत्त भूमापक. दीड वर्ष तेही एकटेच फिरत होते, आणि सहा नंबरच्या खाटेवर त्यांना अकरा दिवस झाले होते. त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ते सगळ्यांशी अहो-जाहो करायचे. जिन्यात आडवा पडलेल्या कुत्र्यालाही ते म्हणायचे, "जरा सरकता का, साहेब?" कुत्रा सरकायचा. तेओबाईंनी दहा वेळा ओरडूनही जो हलला नाही तो त्यांच्या एका शब्दावर सरकायचा, आणि याचा तेओबाईंना मनापासून राग होता.

"किती भरली आज, रोसिनाबाई?" ते न्याहारीच्या टेबलावरून विचारायचे.

"सतरा. रजिस्टरमध्येही सतराच."

"एकदम बरोबर?"

"एकदम."

"मग वाईट आहे." त्यांनी पावाला लोणी लावलं. "मी एकोणचाळीस वर्षं जमिनी मोजल्या. जिथून सुरुवात केली तिथे परत यायचं आणि आकडे जुळतात का बघायचं. थोडे चुकले की मी निर्धास्त झोपायचो. एकदम जुळले की दुसऱ्या दिवशी परत डोंगर चढायचो."

"म्हणजे मुद्दाम चुकायचं की काय?"

"मुद्दाम कशाला? चुका असतातच हो. दिसल्या नाहीत तर कुठे तरी एकमेकींच्या आड बसल्यात, एवढंच."

"प्रयोगशाळेत आम्ही असं म्हटलं असतं तर साहेबांनी घरी पाठवलं असतं."

"मग आम्ही तुम्हाला रानात ठेवून घेतलं असतं."

"दोघं मिळून माझ्या पातेल्यातले गव्हाचे दाणे मोजा," तेओबाई चुलीपाशून म्हणाल्या. "तोवर मी सगळ्यांना वाढून मोकळी होते."

हे त्या बुधवारच्या आधीच्या रविवारचं बोलणं. मंगळवारी पहाटे साडेपाचला एवेलिओ एकटेच इश्कायकोचाला निघाले. तिथे दोन तळी आहेत, एकाच्या वर एक. वरच्या तळ्याची नकाशातली उंची चुकली आहे असा त्यांना संशय होता, आणि संशय आला की त्यांना चैन पडत नसे. रोसिनाने पाव, चीज आणि मुन्याच्या पानांचा गरम चहा बांधून दिला. त्याच दिवशी तेओबाई कार्वासला बहिणीकडे चालल्या होत्या, मेव्हण्याच्या वर्षाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला. त्या आपली काळी शाल झटकत दारात उभ्या होत्या.

"एकटे जाताय, धोंडे जपून चढा," त्या एवेलिओंना म्हणाल्या. "दहिवर पडून निसरडे असतात. सहाच्या आत घरी."

"सहाच्या आत." बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी रोसिनाकडे बघितलं. "आणि नाही आलो, तर नऊ वाजता या मोजतीलच."

"मोजीन की," रोसिना म्हणाली.

त्या दिवशी सगळं घर तिच्यावर होतं. दुपारी गॅसची टाकी संपली, ती बदलायला माणूस येईना. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला सहा जण शिखरावर निघणार होते, त्यांचं खाणं करायचं होतं. संध्याकाळी एवेलिओ दिसले नाहीत, पण ते आठलाच झोपायचे. मांडणीकडे तिने बघितलं नाही. ती तेओबाईंची पद्धत होती.

रोसिना त्या रात्री नऊ नंबरच्या खाटेवर झोपली. पावणेचारला उठून सहा जणांसाठी अंडी उकडायला धावली, आणि ब्लँकेटं पडली होती तशीच राहिली.

बुधवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी तेओबाई परत आल्या. हातात बहिणीने दिलेला मिस्सेचा गोड पाव होता. बूट काढायला त्या मांडणीपाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"रोसिना, एवेलिओ कुठेत?"

"आले नाहीत खाली. सकाळी लवकर गेले असतील."

"कुठे? सपाता न घालता रात्री फिरले? या सहा नंबरच्या सपाता मी निघाले तेव्हा जशा होत्या तशाच आहेत. त्यांचे बूट कुठेत?"

"पण सकाळी मोजले ना मी. सतरा होते."

पाव मांडणीवरच ठेवून तेओबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथे गाईडांचा वायरलेस असायचा. फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. त्यांनी फिदेन्सिओला हाक दिली. फिदेन्सिओ दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, बचावाला जाणाऱ्या गाईडांचा तो म्होरक्या होता.

रोसिना धावत वर गेली. चार खोल्यांत बावीस खाटा होत्या. बुधवारचा दिवस चादरी बदलण्याचा नव्हता, त्यामुळे विस्कटलेल्या खाटा तशाच होत्या. तिने मोजल्या. सतरा. पुन्हा मोजल्या, या वेळी प्रत्येक खाटेवर हात ठेवून, नंबर मोठ्याने म्हणत आणि रजिस्टरमधलं नाव मनात म्हणत. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा नीट होती. उशीवर तिनेच मंगळवारी घातलेली घडी तशीच होती. सात, आठ. नऊ विस्कटलेली. नऊ नंबरला नाव नव्हतं.

ती नऊ नंबरच्या खाटेच्या कडेला बसली. तिचा स्वतःचा मोजा ब्लँकेटमधून लोंबत होता.

गाईड जमायला, दोर, स्ट्रेचर, प्राणवायूची नळकांडी काढून गाडीत भरायला पंचावन्न मिनिटं लागली. पाचला गाडी सुटली. वाटेच्या तोंडाशी पोचायला पन्नास मिनिटं. तिथून चालायला लागले तोच अंधारलं, आणि खालच्या तळ्यावर ढग उतरले. त्यांना मेंढपाळाच्या झोपडीत थांबावं लागलं. गुरुवारी सकाळी सहा पन्नासला फिदेन्सिओचा आवाज वायरलेसवर आला. तेओबाईंनी ऐकलं, छातीवर क्रूस केला आणि चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं. त्या दिवशी घरात न्याहारी झाली नाही.

एवेलिओ वरच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला, एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला बसलेले सापडले. डावी मांडी मोडली होती. कोटाच्या आतल्या खिशात त्यांची मोजणीची वही होती, पाण्याने न भिजणाऱ्या पुठ्ठ्याची. फिदेन्सिओने ती तेओबाईंच्या हातात दिली आणि तेओबाईंनी ती कपाटात ठेवली. शुक्रवारी त्यांनी ती काढून रोसिनापुढे ठेवली.

"मी वाचलीय. तूही वाच. नंतर कोणाकडून ऐकण्यापेक्षा बरं."

अक्षर सरळ होतं, आकडे चौकटीत बसवल्यासारखे. वरच्या तळ्याची उंची त्यांनी तीनदा घेतली होती. त्याखाली मंगळवार, १.३५: "घसरलो. डावी मांडी. मोठ्या धोंड्याखाली आहे. शिट्टी दर तासाला." मग नुसत्या वेळा, प्रत्येकीपुढे "शिट्टी." रात्रीच्या तीन नोंदी, त्यांत बोटांविषयी काही होतं. बुधवार, ६.२५: "उजाडलं." ७.००, ८.००, शिट्टी. मग:

९.०० रोसिनाबाई आता मोजत असतील.

१०.०० निघाले असतील. शिट्टी.

११.००, १२.०० शिट्टी.

१.०० शिट्टी. ऊन गेलं.

२.०० शिट्टी.

आणि सर्वांत खाली ३.२०. त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

रोसिनाने वही मिटली. ती म्हणाली, "मी स्वतःला मोजलं."

"कळलं मला," तेओबाई म्हणाल्या. "बुधवारीच कळलं. नऊ नंबरची खाट बघितली मी."

"मग बोललात का नाही?"

"काय बोलू? कोठीत पोती मी रचली." त्या उठून बटाटे सोलायला बसल्या. साल एवढं जाड निघत होतं की एरवी त्यांनी दुसऱ्या कोणाला फटकारलं असतं. "उद्या त्यांची मुलगी येतेय. तिला मी सांगीन, बुधवारी चारला कळलं, मी आले तेव्हा. ते खरंच आहे. त्याच्या आधीचं उकरून काय मिळणार आहे गं? फिदेन्सिओही म्हणाला, नऊला कळलं असतं तरी पोचलो नसतो. वाट लांब आहे."

"किती लांब?"

"लांब म्हणजे लांब. सगळ्याला तुझी मोजपट्टी लावू नकोस."

शनिवारी दुपारी योलिमा आली. एवेलिओंची एकुलती मुलगी, छत्तीस वर्षांची, मानिसालेसमध्ये बेकरी चालवणारी. हातांवर भट्टीचे जुने चटके होते. चढ चढून आल्यासारखा तिला दम लागत होता. तेओबाईंनी तिला कोकाच्या पानांचा चहा दिला, सूप दिलं, शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. योलिमा रडली नाही. वडिलांसारखीच ती अहो-जाहो करत होती, आणि प्रत्येक गोष्टीबद्दल आभार मानत होती. मग तिने वही मागितली. वाचायला तिला बराच वेळ लागला. रोसिना भांडी पुसत उभी होती, तीच ती थाळी पुसत.

योलिमाने एका ओळीवर बोट ठेवलं. "या रोसिनाबाई कोण?"

"मी."

"तुम्ही रोज नऊला मोजता?"

"हो."

"मग बुधवारी नाही मोजलं?"

"पोरी," तेओबाई मध्ये पडल्या, "आम्हाला कळलं ते चारला, मी कार्वासहून आले तेव्हा..."

"मोजलं," रोसिना म्हणाली. "सतरा आले. सतराच यायला हवे होते. पण त्यातली एक खाट माझी होती. मी पाहुण्यांच्या रिकाम्या खाटेवर झोपते. रोज उठल्यावर आवरते, त्या दिवशी आवरली नाही. तुमच्या वडिलांची एक कमी झाली, माझी एक वाढली. मी बेरीज बघितली. कोणाची खाट ते बघितलं नाही."

योलिमाने ते सगळं ऐकून घेतलं. कुत्रा येऊन तिच्या पायाशी बसला, तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"नऊला कळलं असतं तर हे लोक वेळेत पोचले असते का?"

"मला माहीत नाही."

"नसते पोचले," तेओबाई म्हणाल्या. "फिदेन्सिओ सांगेल तुला. वाट फार लांब आहे."

"फार म्हणजे किती?" योलिमाने विचारलं. "बाई, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय, कळतंय मला. पण माझे बाबा आयुष्यात कधी अंदाजाने बोलले नाहीत. मी दहा वर्षांची असताना 'देवाचं घर किती लांब' म्हणून विचारलं तर म्हणाले, मोजलेलं नाही." तिने वही मिटली. "त्यांच्या बाबतीत मीही अंदाज ऐकून घेणार नाही." मग ती रोसिनाकडे वळली. "तुम्ही मोजणाऱ्या ना? मग मोजून सांगा. मी मंगळवारी त्यांना घेऊन जाईन. तोवर सांगा."

"आणि ते पोचले असते असं निघालं तर?"

"तर तसं सांगा."

फिदेन्सिओ आधी तयार होईना. मेलेल्या माणसामागे असं घड्याळ घेऊन जाऊ नये म्हणाला. मग म्हणाला, गाडी मिळणार नाही. रोसिना त्याच्या अंगणात बाकावर बसून राहिली. त्याच्या बायकोने तिला भाजलेल्या कणसाचे दाणे आणून दिले, मग रिकामी वाटी घेऊन गेली, मग दारात येऊन नवऱ्याला म्हणाली, "ने की तिला. नाही नेलंस तर ही बाकाला मुळं फुटेपर्यंत बसेल." शेवटी त्याने विचारलं, "कसं जायचं म्हणतेस?"

"बुधवारी जसे गेलात तसंच. तेवढीच माणसं, तेवढंच ओझं."

सोमवारी सकाळी नऊ वाजता रोसिना वरच्या मजल्यावर होती. खाटा बावीस. तिने मोजल्या, आणि स्वयंपाकघरात येऊन तेओबाईंना म्हणाली, "एवेलिओ आलेले नाहीत."

तेओबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग वायरलेस उचलून त्यांनी फिदेन्सिओला हाक दिली, त्या दिवशीचेच शब्द म्हटले. योलिमा टेबलापाशी बसून होती, पुढ्यात वही होती, ३.२० च्या पानावर उघडलेली.

फिदेन्सिओ आणि त्याची तीन माणसं दोन गल्ल्या पलीकडे आधीच गाडी भरून तयार होती. पण बुधवारी पंचावन्न मिनिटं लागली होती, म्हणून रोसिना अंगणात पंचावन्न मिनिटं बसली. नऊ पंचावन्नला गाडी सुटली. रस्त्यात मेंढरं आडवी आली. बुधवारीही आली होती असं ड्रायव्हर म्हणाला. दहा पंचेचाळीसला ते वाटेच्या तोंडाशी उतरले. फिदेन्सिओने पाठीवर दोर घेतले, दोघांनी स्ट्रेचरचे भाग वाटून घेतले, चौथ्याने नळकांडी. रोसिनाने औषधांची पिशवी मागून घेतली.

वाट आधी निलगिरीच्या झाडांतून जाते, मग गवताळ उतारावर. पहिला तास सगळे नेहमीच्या चालीने चालले. मग फिदेन्सिओ एका दगडावर बसला आणि त्याने कोकाची पानं काढली.

"दमलीस ना? बस."

ती बसली. तीन मिनिटं गेली. उठले. पुढे झऱ्यापाशी तो पुन्हा थांबला, पाणी प्याला, बुटाची नाडी सोडून बांधली. बाकीचे तिघं एकमेकांकडे न बघता उभे राहिले. सहा मिनिटं. थोडं वर गेल्यावर तो तिसऱ्यांदा बसायला लागला.

"बुधवारी इथे बसलात?" रोसिनाने विचारलं.

"बसलो होतो."

"पाठीवर ओझं आणि वर माणूस अडकलेला, तरी बसलात?"

त्याने कोकाची पानं पुन्हा खिशात घातली.

"काका," ती म्हणाली, "हळू चालू नका."

फिदेन्सिओने टोपी काढून डोकं पुसलं. तो बासष्ट वर्षांचा होता आणि त्या डोंगरातून त्याने कितीतरी माणसं खाली आणली होती, काही चालती, काही नाही.

"मी तुझ्यासाठी हळू चालत नाहीये," तो म्हणाला. "तिच्यासाठी चालतोय. खाली बसलीय ना, तिच्यासाठी. वाट लांब असली तर तिला सोपं जाईल."

"तिला सोपं नकोय. खरं हवंय."

"दोन्ही एकाच झोळीत मावत नाही, पोरी."

"मग थांबलात ती नऊ मिनिटं मी वजा करते. इथून पुढे बुधवारसारखं चाला."

त्याने टोपी घातली. दोर पुन्हा खांद्यावर घेतले आणि तो चालायला लागला, आणि तेव्हा रोसिनाला कळलं की आतापर्यंतची चाल त्याची नव्हतीच. तो मान खाली घालून, पाय मोजके उचलत, कुठेही न थांबता चढत गेला. मागचे तिघंही तसेच. रोसिनाच्या छातीत ठोके घणासारखे पडत होते, तोंडात लोखंडाची चव आली होती. खालचं तळं मागे पडलं. झोपडी मागे पडली. धोंड्यांच्या उतारावर साखळी धरून चढायची जागा आली, तिथे एक माणूस तिच्या मागे राहिला आणि तिचा पाय घसरला की बोटांनी तो परत खाचेत ठेवत गेला.

वरच्या तळ्यावर वारा होता. पाणी काळं, काठाला बर्फाचा पातळ पापुद्रा. फिदेन्सिओने काठावरून शिट्टी मारली आणि पलीकडच्या कड्यावरून ती तशीच्या तशी परत आली.

"इथून ऐकू आली असती," तो म्हणाला. ते तिने विचारलं नव्हतं.

ते काठाने वळसा घालून पलीकडे गेले. मोठा धोंडा दिसला. त्याच्या पायथ्याशी गाईडांनी गुरुवारी रचलेला दगडांचा लहानसा ढीग होता. फिदेन्सिओने खिशातून कोकाची तीन पानं काढली, त्यांवर फुंकर घातली आणि वरच्या दगडाखाली सरकवली. बाकीच्यांनी टोप्या काढल्या. रोसिनाने धोंड्याला तळहात टेकला. दुपारचं ऊन त्यावरून सरकून गेलं होतं, दगड एका बाजूने अजून कोमट आणि एका बाजूने गार होता. मग तिने मनगट वळवून घड्याळ बघितलं, वाटेतली नऊ मिनिटं वजा केली आणि खिशातल्या, पाहुण्यांच्या न्याहारीच्या यादीच्या पाठीवर आकडा लिहिला. वजाबाकी पुन्हा करून बघितली.

फिदेन्सिओने कमरेचा वायरलेस काढून तिच्या हातात दिला.

तिने बटण दाबलं. "योलिमाबाई?"

खरखर झाली. मागे पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"बोला," योलिमा म्हणाली.

"दोन वाजून चौदा मिनिटं," रोसिना म्हणाली.